मडगावला गाडी बराच वेळ थांबते

संध्याकाळी सात वाजले की नवऱ्याच्या खिशातून एक बाई बोलते. तो तेव्हा दुकानात असतो, समोरचं गिऱ्हाईक सिमेंटच्या पोत्यांवरून घासाघीस करत असतं, आणि ही बाई एकदम गोड आवाजात म्हणते, ‘आपकी कसरत का समय हो गया है.’ गिऱ्हाईक आधी खिशाकडे बघतं, मग नवऱ्याच्या पोटाकडे.

कसरत त्याची नसते, आमच्या मुलाची असते. आणि मुलगा त्या वेळी दुकानापासून तीन किलोमीटरवर, घरच्या ओसरीवर, आजीशी काहीतरी हुज्जत घालत बसलेला असतो. फोन एका गावी, खुबा दुसऱ्या गावी. ‘स्वतःची काळजी स्वतः घ्या’ असं सांगणारं ते ॲप ज्यानं बनवलं, त्याच्या डोळ्यासमोर एक मूल आणि त्या मुलाच्या हातात त्याचा फोन असणार. आमच्या घरी एक मूल आहे, एक बरा चालणारा फोन आहे, आणि त्या मुलाच्या पायावर हक्क सांगणारी पाच माणसं आहेत.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगा सात वर्षांचा होता. शिमग्याच्या आसपास तो थोडा लंगडायला लागला. लंगडणंही विचित्र, सकाळी नाही, संध्याकाळी हमखास. विचारलं तर गुडघा दाखवायचा. ‘खंय दुखता रे झिला?’ म्हणून आजी तेलाची वाटी घेऊन बसायची आणि तो गुडघ्यावरच बोट ठेवायचा. आम्ही गुडघाच धरून बसलो. एका दवाखान्यात गुडघ्याचे दोनदा फोटो निघाले, दोन्ही स्वच्छ. ‘वाढतं वय आहे, दुखतं’ असं सांगून आम्हाला परत पाठवलं. आजीनं दृष्ट काढली, रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं. माझ्या एका सहकारी बाईंनी स्पष्टच सांगितलं, की शाळा बुडवायची नाटकं आहेत. चार महिने असे गेले. त्यातला एक महिना मीसुद्धा त्याला ‘नीट चाल’ म्हणून ओरडत होते. हे लिहिताना अजून घशाशी येतं.

खुब्याला आणि गुडघ्याला जाणाऱ्या काही नसा एकच आहेत, त्यामुळे लहान मुलाचा खुबा बिघडला की ते गुडघा दाखवतं, हे मला नंतर कळलं. गुडघ्याबद्दल तक्रार करणाऱ्या मुलाचा खुबा तपासल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये, असं म्हणे डॉक्टरांना शिकवतात. शेवटी एका तरुण डॉक्टरनं त्याला पालथं झोपवून दोन्ही पाय गुडघ्यात वाकवले आणि बाहेर पाडले. उजवा पाय सहज पडला, डावा अर्ध्यावर अडला. त्यानं फक्त एवढंच केलं. मग खुब्याचा फोटो, मग ‘पर्थीज’ हा शब्द, आणि मग रात्रीच्या गाडीनं कुडाळहून उडुपी, तिथून मणिपालचं इस्पितळ.

पर्थीजमध्ये मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होतो किंवा थांबतो. कशामुळे, हे शंभर वर्षं उलटून गेली तरी नक्की ठरलेलं नाही. रक्त न मिळालेला गोळा मरतो, मऊ पडतो, त्याचे तुकडे होतात, शरीर ते तुकडे उचलून नेतं आणि हळूहळू नवं हाड भरतं. म्हणजे आजार आपणच बरा होतो. प्रश्न असतो तो कुठल्या आकारात बरा होतो याचा. हा गोळा खुब्याच्या ज्या वाटीत बसतो, तिच्या आत तो मऊ असताना राहिला, तर वाटीच त्याला साच्यासारखी गोल ठेवते. वाटीबाहेर सरकला, तर चेपून बसतो, आणि मग तिशी-चाळिशीत त्या खुब्याची रडकथा सुरू होते. दोन ते चार वर्षं लागतात. बहुतेक मुलं चार ते आठ या वयातली, मुलींपेक्षा मुलगे चौपट-पाचपट. म्हणजे जे वय झाडावरून उड्या मारायचं, नेमक्या त्याच वयात सांगायचं, की बाबा, उडी मारू नको.

रात्री झोप यायची नाही, तेव्हा मी वाचत बसायचे. 1910 साली तीन देशांतल्या तीन माणसांनी हा आजार वेगवेगळा ओळखला: बोस्टनचे लेग, फ्रान्सचे काल्वे आणि जर्मनीत ट्यूबिंगनचे पेर्टेस, ज्यांचं आपण पर्थीज केलं. त्याआधीच्या वर्षी स्टॉकहोमच्या वाल्डनस्ट्रॉम यांनीही हेच पाहिलं होतं, पण त्यांनी ते क्षयाच्या खात्यात टाकलं. टाकणारच. त्या काळी मूल लंगडलं की खुब्याचा क्षय, हाच पहिला विचार. काल्वे तर समुद्रकाठच्या बेर्क गावात काम करत. तिथे हाडांच्या क्षयाची मुलं खाऱ्या हवेत ठेवत. क्ष-किरणांचा शोध 1895 चा. तो नसता तर ही मुलं क्षयाच्या गर्दीतून वेगळी काढताच आली नसती. पुढे कित्येक दशकं या आजारावर उपाय म्हणजे पलंग. महिनोनमहिने, कधी वर्षं, मूल आडवं. मी ओसरीकडे बघायचे. तिथे आमचा चिरंजीव आडवा नव्हता, पण उभाही नव्हता. बुडाखाली एक पाय दुमडून, दुसरा कठड्यावर टाकून मांजरासारखा लोळत होता.

आणखी एक गोष्ट वाचली आणि पोटात काहीतरी हललं. मणिपालचे डॉ. बेंजामिन जोसेफ आणि त्यांचे सहकारी यांनी 1988 मध्ये दक्षिण भारतातल्या पर्थीजचा अभ्यास छापला होता. पश्चिम किनारपट्टीच्या सखल भागात हा आजार इतर भागांपेक्षा जास्त आढळतो, असं त्यांना दिसलं. अभ्यास आमच्या कोकणचा नव्हता, खाली दक्षिणेचा होता. पण समुद्र तोच, पाऊस तोच, ताटातली पेज आणि मासळीही जवळपास तीच. त्याच डॉक्टरांच्या गटानं 2003 मध्ये 610 मुलांच्या क्ष-किरण फोटोंवरून या आजाराचे टप्पे मांडले. आधी हाड पांढरं पडतं, मग त्याचे तुकडे होतात, मग भरणं, आणि शेवटी बरं झालेलं. पहिल्या तिघांचे प्रत्येकी दोन भाग, म्हणजे एकूण सात.

हे सात टप्पे मुलाला कसे सांगायचे? डॉक्टरांनी कागदावर सात गोळे काढून दाखवले. परतीच्या गाडीत मुलगा तो कागद उलटसुलट करत बसला होता. कारवार गेलं, काणकोण गेलं, आणि एकदम म्हणाला, ‘आई, ही स्टेशनं आहेत.’ मग त्यानं स्वतःच नावं घातली. पहिला गोळा कुडाळ, मग सावंतवाडी, थिवी, मडगाव, कारवार, कुमठा आणि सातवा उडुपी. ‘मग मी आता कुठे?’ डॉक्टर म्हणाले होते ते आठवून मी सांगितलं, ‘सावंतवाडी सोडलीय. थिवी यायचंय.’ गोळा वाटीबाहेर सरकतोय का, ते मडगाव यायच्या आत बघायचं असतं. सरकत असेल तर शस्त्रक्रियेचा खरा उपयोग त्याआधीच असतो, मडगाव ओलांडल्यावर फारसा नाही. आमचा सरकत नव्हता. म्हणून बघत राहायचं ठरलं: दर तीन-चार महिन्यांनी फोटो, रोज व्यायाम, पळणं-उडी मारणं बंद, पोहणं आणि सायकल चालेल.

‘बघत राहायचं’ हा उपचार आईबापांना सगळ्यात अवघड जातो. गोळी द्यायची नाही, सुई नाही, प्लास्टर नाही. फक्त दिवसभरात चाळीस वेळा ‘नको’ म्हणायचं. चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलंय, नको. काजूवर चढू नको. विटीदांडू नको, आबाधोबी तर नकोच नको. महिन्याभरात मी आई राहिलेच नव्हते, नुसता ‘नको’चा भोंगा झाले होते. आणि ज्याचा पाय त्याला पायाबद्दल काही बोलायची सोयच उरली नव्हती, कारण काहीही सांगितलं की उत्तर ‘नको’ हे ठरलेलं. मग त्यानं सांगणंच सोडलं.

फिजिओथेरपीच्या ताईंनी ते ओळखलं असावं. त्यांनी नवऱ्याच्या फोनवर एक ॲप घालून दिलं. त्यात मुलाचे सहा व्यायाम चलचित्रासह, रोजची आठवण, केलं की हिरवी खूण, आणि ‘आज किती दुखलं’ असा प्रश्न. पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट झाली, जिची मी अपेक्षा केली नव्हती. व्यायामाबद्दल माझ्या तोंडून येणारा शब्द बंद झाला. सांगणारी मी नव्हते, फोनमधली बाई होती, आणि तिच्यावर रुसता येत नव्हतं. तो तिला वेडावून दाखवायचा, पण पाय मात्र उचलायचा.

भाषेची अडचण लगेच आली. बाई हिंदीत बोलायची, तेही ‘कूल्हे को बाहर की ओर घुमाएँ’ छापाची. कूल्हे म्हणजे काय, हे आजीला कळेना. आजीला कळायला हवं, कारण दुपारी मी शाळेत शिकवत असते, नवरा दुकानात असतो, आणि घरी राहतात ती दोघंच. तेव्हा मुलानं शक्कल लढवली. माझ्या जुन्या, पडदा फुटलेल्या फोनमध्ये स्वतःचाच आवाज भरला. ‘पाय भायर घे. धा मोज. बेगीन नको, सावकाश.’ सहा व्यायाम, सहा आवाज. आता आजी बटण दाबते, नातू स्वतःचीच आज्ञा ऐकतो आणि आजी आकडे मोजते. आजीचे आकडे सातवरून एकदम नऊवर जातात, तेवढी सूट.

हिरव्या खुणा सलग पडल्या की ॲपमध्ये एक ज्योत पेटते आणि दिवस मोजते. पाच, अकरा, तेवीस. तेविसाव्या दिवशी तो वर्गात सांगून आला. चाळिसाव्या दिवशी ताईंचा फोन आला. त्यांच्या बाजूला वेळही दिसते, हे आम्हाला माहीत नव्हतं. गेले दोन आठवडे सहाच्या सहा व्यायाम चाळीस सेकंदांत ‘पूर्ण’ होत होते. ज्योत विझू नये म्हणून पठ्ठ्या रात्री बापाच्या फोनवर खुणा टाकून मोकळा होत होता. मी चिडले. ताई चिडल्या नाहीत. त्या त्याला म्हणाल्या, ‘खोट्या हिरव्यातून मला काहीच कळत नाही रे. लाल दिसलं तर मी काहीतरी करू शकते.’ मग त्यांनी ती ज्योतच बंद करून टाकली. मला विचाराल तर मुलांच्या ॲपमधून ती पहिल्यापासून वगळावी. ज्याचं हाड दोन-चार वर्षं घेणार आहे, त्याला सलग दिवसांची शर्यत कशाला?

दुखण्याच्या चेहऱ्यांचंही तसंच. सहा गोल चेहरे, पहिला हसरा, शेवटचा रडका, गालावर अश्रू. ही पट्टी 1983 ची, जगभर वापरतात आणि बिचारी फार उपयोगी आहे, पण आमचा मुलगा कायम पहिला नाहीतर दुसरा चेहरा निवडायचा. ताठ पायानं जिना चढायचा आणि हसऱ्यावर बोट. एकदा विचारलंच, तर म्हणाला, ‘मी रडत नाही ना, मग तो चेहरा माझा कसा?’ यावर मी काय बोलणार! मुलगे रडत नाहीत, हे त्याला आमच्याच घरात कुणीतरी शिकवलेलं. पुढे कळलं, की हसू आणि अश्रू दोन्ही नसलेली एक वेगळी पट्टीही 2001 पासून आहे. आमच्या ॲपमध्ये ती नव्हती.

मग पट्टी त्यानंच बनवली. आमच्याकडे अजून जमिनीवर पाट मांडून जेवतात, गणपतीत तर पंगतच. खुबा आवळला की सगळ्यात आधी मांडी जाते, आणि तिच्याबरोबर उकिडवं बसणं. त्यानं चार पायऱ्या ठरवल्या: पूर्ण मांडी, अर्धी मांडी, पाटावर पाय पसरून, खुर्ची. रोज रात्री जेवताना कुणी विचारायच्या आधीच तो जाहीर करायचा, ‘आज अर्धी.’ ताईंनी ही पट्टी ॲपमधल्या टिपणाच्या चौकटीत लिहायला सांगितली. खुर्ची दोन दिवस लागोपाठ आली की त्यांना कळवायचं. एकदा तशी आली, आम्ही वेळेत गेलो, सहा आठवडे कुबड्या लागल्या. हिरव्या खुणांच्या भरवशावर बसलो असतो, तर ते आठवडे हुकले असते.

या निमित्तानं मी मोठ्यांच्या खुब्याची एक प्रसिद्ध प्रश्नावलीही चाळली, 1969 मधली, अमेरिकेच्या हॅरिस यांची. बूट-मोजे घालता येतात का, खुर्चीत तासभर बसता येतं का, जिना कसा चढता, सार्वजनिक वाहनात चढता येतं का. मांडीचा उल्लेख नाही. त्यांच्याकडे मांडी नसतेच, त्याला ते काय करणार. पण आपल्याकडचा माणूस त्या प्रश्नांना शंभरपैकी पंच्याण्णव गुण घेईल आणि सत्यनारायणाला खुर्ची मागेल.

इंग्लंडमध्ये लीड्सच्या मंडळींनी नेमक्या पर्थीजच्या मुलांसाठी ‘नॉन-स्टॉप’ नावाचं ॲप तयार करायला घेतलं, हे वाचलं तेव्हा मला सगळ्यात आवडलं ते हे, की त्यात काय असावं हे ठरवायला त्यांनी मुलांना आणि आईबापांना बसवलं. शस्त्रक्रियेविना सांभाळायच्या मुलांना नक्की काय सांगायचं, यावर तिथल्या दवाखान्यांतही एकवाक्यता नव्हती. आमच्या घरी आजोबा सायकलला विरोध करत होते आणि काका पोहायला, तेव्हा त्या वाचनानं मला जरा बरं वाटलं. गोंधळ एकट्या आमच्या ओसरीवर नव्हता.

मात्र खरं सांगायचं तर ज्या ॲपनं त्याला माणसांत आणलं, त्याचा खुब्याशी काही संबंध नाही. पहिलं वर्ष वाईट गेलं. खेळाच्या तासाला तो वर्गात एकटा. ‘लंगडो’ हे नाव चिकटलं होतं. घरी आला की फोन, आणि पळणं बंद असल्यामुळे वजनही वाढत होतं, जे खुब्याला मुळीच नको. डिसेंबरात आमच्या वाडीची टेनिस बॉलची स्पर्धा असते, मुंबईचे चाकरमानीसुद्धा येतात. त्या वर्षी धावफलक फोनवरच्या एका ॲपमध्ये ठेवायचं ठरलं आणि मोठ्या मुलांत कुणालाच तो नाद झेपेना. कुणीतरी ओसरीवर लोळणाऱ्या या प्राण्याला उचलून नेलं. दोन दिवस तो मंडपात मांडी घालून, म्हणजे त्या दिवशीची अर्धी, एकेक चेंडू नोंदवत बसला. वाइड की नाही यावर त्यानं एका पंचाशी वाद घातला आणि जिंकला. संध्याकाळी लाउडस्पीकरवर ‘स्कोअरर’ म्हणून त्याचं नाव पुकारलं गेलं. तेव्हापासून ‘लंगडो’ गेला आणि ‘स्कोअर’ आला. ‘ए स्कोअर, उद्या येतंस ना?’ म्हणून पोरं दारात येतात. सायकलवरून मैदानापर्यंत जातो, येतो. ताईंच्या सहा व्यायामांत ही सायकल नव्हती, पण तिनं काय केलं ते मला दिसतंय.

नंतर त्यानं वर्गात एक प्रकार केला. बापाचा फोन हट्टानं शाळेत नेला, गुरुजींच्या परवानगीनं, आणि स्वतःचे क्ष-किरण फोटो एकामागून एक दाखवले. हा कुडाळ, हा सावंतवाडी, हा थिवी. एका मुलीनं विचारलं, ‘उडुपी आल्यावर काय?’ म्हणाला, ‘उतरायचं.’ हे मला त्याच्या बाईंनी सांगितलं. घरी तो यातलं काहीच बोलला नव्हता.

मडगावात आम्ही खूप थांबलो. गाडी खरंच तिथे बराच वेळ थांबते, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो फार घाबरला नाही. मी घाबरले. फोटोत गोळ्याचे तुकडे तुकडे दिसत होते, फुटलेल्या बत्ताशासारखे. मग एका खेपेला डॉक्टर फोटोकडे बघता बघता माझ्याशी बोलायचे थांबले आणि मुलाकडे वळले. ‘काय म्हणतोस, कुठे आलो?’ तोपर्यंत त्यांनाही ती स्टेशनं पाठ झाली होती. मुलगा फोटोजवळ गेला, कडेला भरलेल्या नव्या हाडाच्या पांढऱ्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘कारवार.’ नंतर त्यांनी मांडीबद्दल विचारलं, जिन्याबद्दल विचारलं. दर वेळी मी तोंड उघडायचे, आणि दर वेळी उत्तर माझ्या आधी आलेलं असायचं.

आता कुमठ्याच्या आसपास आहोत. गणपतीत आरत्यांचे इतके व्हिडिओ झाले की नवऱ्याचा फोन भरला, आणि कुणालाही न विचारता मुलानं ते व्यायामाचं ॲप काढून टाकलं. सातची घंटा आता वाजत नाही. दुकानातली गिऱ्हाइकं मात्र अजून विचारतात, शेट, कसरत सोडलीत की काय. जुन्या फोनमधले आवाज तेवढे आहेत. ते आता आजी स्वतःसाठी लावते, तिचे दोन्ही गुडघे कधीचे गेलेत. काल संध्याकाळी ती ओसरीवर पाय पसरून बसली होती. हा वही घेऊन समोर.

‘आजी, आज किती? दहापैकी सांग.’

‘मेल्या, माझ्या गुडघ्याक काय इचारतस?’

‘सांग ना. चेहरा नको, आकडा सांग.’

आजीनं अंगणापलीकडे, माडांच्या वरच्या काळ्या ढगाकडे बघितलं. गुडघ्यावर हात फिरवला.

‘पाऊस येवचो आसा,’ ती म्हणाली. ‘सात लिव.’